वाळवंटातली पहिली अंघोळ

आमच्या घरात राजस्थानची सहल म्हणजे बैठकीच्या खोलीतला एक फोटो. मी उंटावर बसलोय, डोक्याला उसना फेटा, मागे वाळूच्या टेकड्या. पाहुणे विचारतात आणि मी सांगतो, की वाळवंटात एक रात्र उघड्यावर काढली, असं आभाळ पुन्हा बघायला मिळालं नाही. इथपर्यंत सांगतो आणि चहाचं विचारतो. पुढची पहाट मी बायकोलाही सांगितलेली नाही. लाज वाटते, दुसरं कारण नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी तेव्हा तिसगावच्या बाजूला एका हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पंधरा शिक्षकांनी एक बस ठरवली. आईला हे मुळीच पटलं नाही. ऐन दिवाळीत घर सोडून हिंडायला जाणारा मुलगा तिच्या मते कामातून गेलेला होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने उटण्याची पुडी, तेलाची बाटली आणि चंदनाचा साबण एका पिशवीत बांधून दिला आणि वचन घेतलं, की असशील तिथे पहिली अंघोळ उजाडायच्या आत करशील. जो करत नाही तो नरकात जातो, हे ती गमतीने म्हणत नसे.

बसमध्ये माझ्या शेजारी आमचे गणिताचे सर होते. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, श्रीरामपूरकडचा माणूस. वडील साखर कारखान्यात होते, घर बौद्ध. स्टाफरूममध्ये माझं सगळ्यात जास्त त्याच्याशीच जमायचं. तो फार कमी बोलायचा आणि मी फार जास्त, त्यामुळे भांडण व्हायचं काही कारणच नव्हतं.

जैसलमेरच्या पुढे बस एका वस्तीपाशी थांबली. तिथल्या एका उंटवाल्याने घरामागे चार तंबू ठोकले होते. घरात तो, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. त्याने आम्हाला उंटांवरून टेकड्यांवर नेलं तेव्हा सूर्य खाली आला होता. वाळू आधी पिवळी होती, मग तांबूस झाली, मग एकेका टेकडीची एक बाजू काळी पडत गेली. वाऱ्याने वाळूवर बारीक रेघा ओढलेल्या, आणि त्यांवर आमच्याआधी कुणाचं पाऊल नव्हतं. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, ते एरवी पाच मिनिटं गप्प बसत नसत. तेही चपला हातात घेऊन नुसते उभे राहिले. मी गणिताच्या सरांना म्हणालो, की एवढं बघितल्यावर आता काही नाही बघितलं तरी चालेल. तो हसला.

रात्री शेकोटीभोवती जेवण झालं. बाजरीची भाकरी आमच्याकडच्यासारखीच, फक्त जाड. पाणी म्हातारी स्वतः वाढत होती, लांब दांड्याच्या पळीने, एकेकाच्या पेल्यात मोजकं. हंड्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. ताटं तिने वाळूने घासली. कुणीतरी पाय धुवायला पाणी मागितलं तर तिने हसून वाळूकडेच बोट दाखवलं. त्यावर उंटवाला पाण्याबद्दल काही सांगायला लागला, आणि मी त्याला मध्येच तोडलं. माझ्या मोडक्या हिंदीत मी त्याला आमच्या तालुक्याचा दुष्काळ ऐकवला. टँकर, टँकरमागे धावणाऱ्या बाया, फेब्रुवारीत कोरड्या पडणाऱ्या विहिरी, सगळं. आम्हाला पाण्याची किंमत सांगायची गरज नाही, असंही वर म्हणालो. तो बिचारा मान हलवत ऐकत राहिला. त्याला काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

मग आम्ही तंबूबाहेर सतरंज्या टाकून पडलो. चंद्र नव्हता. चांदण्या इतक्या होत्या की मोठे सर हयातभर भूगोल शिकवूनही ध्रुवतारा शोधू शकले नाहीत. मला झोप लागेना. उद्या पहिली अंघोळ, आणि इथे तर पाय धुवायला पाणी मिळत नव्हतं. पण संध्याकाळी मी घरापलीकडे एक गोल बांधकाम पाहिलं होतं. मधोमध छोट्या घुमटासारखं, त्याला लाकडी झाकण, शेजारी दोर आणि बादली. म्हणजे आड आहे. आडाचं पाणी काय संपतं थोडंच, दोन बादल्या घेतल्या तर कुणाला कळणार.

अंधार असतानाच मी पिशवी घेऊन निघालो. आडाभोवती चांगली वीसेक पावलं रुंद, घोटून गुळगुळीत केलेली गोल जमीन होती. मला कौतुक वाटलं. आमच्या विहिरीवर अंघोळीला चार फरश्या धड नाहीत, आणि यांनी एवढा प्रशस्त ओटा केलाय. चपला घालूनच मी त्यावर चढलो. थंडीत कुडकुडत तेल चोळलं, उटणं लावलं, बादली सोडली. पाणी फार खोल नव्हतं आणि गोड होतं. साबणाचा फेस करून मी अगदी आईच्या मनासारखी अंघोळ केली, तीन बादल्या. पाणी पायाशी साचत नव्हतं, घुमटाकडे वाहून जात होतं. तिथे बुंध्याशी छोटी छोटी भोकं होती, त्यांत ते गुळगुळ आवाज करत शिरत होतं. मी मनात म्हणालो, लई हुशार माणसं, मोरीसुद्धा काढलीय.

आमच्याकडे विहिरीकाठच्या फरशीचा उतार बाहेर असतो. सांडलेलं पाणी विहिरीत परत जाऊ नये म्हणून. मी जन्मभर तोच उतार बघितला होता. तिथे विहीर नव्हतीच. ते पावसाच्या पाण्याचं कुंड होतं. ती घोटलेली जमीन म्हणजे पाऊस झेलायचं अंगण, म्हणून तिचा उतार आत. ती भोकं म्हणजे कुंडाची तोंडं. त्या अंगणात घरातली माणसंही चपला घालून पाय ठेवत नसत.

हे सगळं मला उजाडल्यावर कळलं. म्हातारी पहिली घागर भरायला गेली आणि तिथेच उभी राहिली. मग तिने मुलाला हाक मारली. आम्हीही सगळे गेलो. झाकण उघडं होतं, आत पाण्यावर तेलाचा तवंग आणि उटण्याची साय. काठाला फेस वाळला होता. म्हातारीने ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावलं आणि थुंकलं. ती खाली बसली आणि ओल्या जमिनीवर हात फिरवत राहिली. उंटवाल्याने आम्हाला हिंदीत समजावलं, की यंदा पाऊस बरा झाला होता, कुंड भरलं होतं, ते पुढच्या श्रावणापर्यंत पुरवायचं होतं. आता हे उपसून टाकायचं आणि प्यायचं पाणी सहा कोसांवरून उंटावर आणायचं. आठ-नऊ महिने. तो माझ्याकडेच बघून बोलत होता, कारण पाण्याची किंमत मला कळते असं मीच त्याला सांगितलं होतं.

मी कानटोपी खाली ओढली. केस अजून ओले होते.

मोठ्या सरांनी विचारलं, हे कुणी केलं. मग चित्रकलेचे सर म्हणाले, की पहाटे त्यांनी गणिताच्या सरांना डबा घेऊन या बाजूला जाताना पाहिलं होतं. आता पहाटे डबा घेऊन माणूस कशाला जातो हे पंधराही जणांना माहीत होतं. शिवाय त्याच्या घरी उटण्याच्या अंघोळीची पद्धतच नव्हती, हेही माहीत होतं. तरी सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. जात कुणी काढली नाही. काढावी लागली नाही. माझ्या गावात पाणी बाटवल्याचा आळ कुणावर यायचा, हे मी नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना शिकवत असे, आणि तिथे माझ्या डोळ्यांसमोर तेच चाललं होतं.

तो एवढंच म्हणाला, ‘‘मी न्हाई.’’

मोठ्या सरांनी त्याला बाजूला घेतलं. मी जवळच होतो, मला ऐकू येत होतं. ते फार गोड बोलत होते. झालं ते झालं, परका मुलूख आहे, तुम्ही एकदा हात जोडा म्हणजे विषय मिटेल, आपल्याला पुढे जायचंय. त्याने माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता मला, ‘मी’. तेवढा एक शब्द. तो माझ्या तोंडात होता, आणि मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. घट्ट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली.

वर पाहिलं तेव्हा तो चपला काढून म्हातारीसमोर वाकला होता. त्याने तिच्या पायांना हात लावले. मग उभा राहिला, बाह्या वर केल्या आणि उंटवाल्याबरोबर बादल्या उपसायला लागला. बस निघेपर्यंत तास-दीड तास तो उपसत होता. आमच्यातल्या दोघातिघांनी त्याला हातभार लावला. मी सामान बांधत होतो. ओला टॉवेल पिशवीच्या तळाला घालत होतो.

बसमध्ये तो येऊन नेहमीच्या जागेवर, माझ्या शेजारी बसला. त्याच्या हातांना दोराचे वळ उठले होते. माझ्या अंगाला चंदनाचा वास येत होता आणि चौदा पारोशा माणसांच्या बसमध्ये तो लपत नव्हता. शेवटी मीच हळू आवाजात विचारलं, की तुम्ही केलंच नव्हतं तर पाया का पडलात.

‘‘त्या म्हातारीची माफी कुनीतरी मागायला पायजे हुती, सर,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी काय मागत नव्हता.’’

आवाजात राग नव्हता. अजूनही वेळ होती. बस थांबवता आली असती, वस्ती मागे दिसत होती. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, ‘‘म्हणजे? माझा काय संबंध?’’

त्याने मान हलवली आणि पुढे बघायला लागला. तेवढ्यात मोठ्या सरांनी दिवाळी म्हणून फराळाचे डबे फिरवायला सांगितलं. मी माझा डबा उघडला. आईचे बेसनाचे लाडू होते. शाळेत हा माणूस रोज माझ्या डब्यातलं हक्काने उचलून खायचा. मी डबा त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, न काही उचलता पुढच्या बाकावर दिला आणि रुमालाने हात पुसले.

आमच्या घरचं खाणं कुणी असं पुढे सरकवलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या घरच्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं, काही गुन्हा न करता. मला ते गुन्हा केल्यावर दिसलं.