नासिरमियाँची झोप

हजराबी आणि क्लच यांची पहिली भेट झाली, तेव्हा जीपने अशी उडी घेतली की बोरी अरबच्या कोंबड्या थेट दारव्ह्याच्या बाजारात उतरल्या म्हणतात. तीस वर्षं ही सवारी जीप चालवणारे तिचे पती नासिरमियाँ आता कण्याच्या दुखण्याने मागच्या सीटवर आडवे होते. दोन हजार सहा साली कापसाचा भाव पडला, सवाऱ्या आटल्या, ड्रायव्हर ठेवणं परवडेना. दर मंगळवारी यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना न्यायचं तर हजराबीनेच. प्रत्येक हिसका त्यांच्या कण्यात जाई.

"गेअर बदलून राह्यली का माही हाडं मोजून राह्यली?" ते मागून ओरडत.

"कण्हा कमी जी, शिकवा जास्त!"

"बोंडातून कापूस कसा काढतं? झटका देतं का? तसाच क्लचवरून पाय उचल."

एका मंगळवारी मागून ओरडणंच आलं नाही. गाडी कडेला घेऊन तिने वळून पाहिलं. मियाँ घोरत होते. तिने पहिला गेअर टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला; घोरणं चालूच राहिलं.

अशा सात फेऱ्या झाल्या. आठवीच्या आधी नासिरमियाँ वारले. जीप विकली.