छर्रेसरांचा सायन्सचा तास

छर्रेसर वर्गात शिरायच्या आधी त्यांची पिशवी शिरायची. खांद्याला अडकवलेल्या त्या कापडी पिशवीत एक चपटा पत्र्याचा डबा असे आणि डब्यात सायकलच्या चाकातले छर्रे. व्हरांड्याच्या पार त्या टोकाला छर्र्यांचा खुळखुळाट सुरू झाला, की आम्ही विणायला घेतलेली वेताची खुर्ची बाजूला सारायचो. मग पावलं ऐकू यायची, मग घामाचा आणि खडूचा मिसळलेला वास, आणि सगळ्यात शेवटी सरांचा खर्जातला आवाज, "काय पोट्टेहो, हाय ना सारे जागेवर?"

आमच्या शाळेच्या हजेरीपटावर शिक्षक म्हणून त्यांचं नाव कधीच लागलं नाही. ते आमचे शिक्षक नव्हतेच. नागपुरातली आमची अंधशाळा वसतिगृहाची. साठ-सत्तरच्या दरम्यानचे ते दिवस. मी कळमेश्वरकडच्या एका खेड्यातला. लहानपणी देवी आल्या, त्यात डोळे गेले. शेतात माझा उपयोग नाही म्हणून वडिलांनी इथे आणून ठेवलं. इथे आम्ही ब्रेल शिकायचो, गाणं शिकायचो, तबला शिकायचो, खुर्च्या विणायचो. विज्ञान तेवढं नव्हतं. विज्ञान म्हणजे प्रयोग, प्रयोग म्हणजे बघणं, आणि आम्ही बघू शकत नाही. इतका सरळ हिशेब होता की तो कोणी आम्हाला समजावून सांगण्याचीही गरज नव्हती.

सर शहरातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आमच्या वरच्या वर्गातल्या एका मुलाला मॅट्रिकच्या परीक्षेत लेखनिक हवा होता, म्हणून ते पहिल्यांदा आले. भाषेचा पेपर आटोपल्यावर चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "अन् सायन्सचा पेपर कोणत्या दिवशी?"

"आम्हाला नसतो सर," तो मुलगा म्हणाला. "अणू-रेणू आम्हाला कसे दिसणार?"

सरांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. सर एरवी पुस्तकी मराठी बोलायचे. पण चिडले किंवा आनंदले की घरची बोली बाहेर यायची. "अन् मले दिसते काय गा? इतकी वर्षं शिकवून राहिलो, एक रेणू नाही पाह्यला मी. ज्यानं पुस्तक लिहिलं त्यानंही नसन पाह्यला. इथं तुम्ही अन् मी सारखेच."

पुढच्या शनिवारी ते डबा घेऊन आले, आणि मग येतच राहिले.

डबा त्यांनी आमच्या हातात दिला. हळूच हलवा म्हणाले. छर्रे एकमेकांना चिकटून जागच्या जागी थरथरले. "हे घट्ट. दगड, लोखंड, बर्फ." जरा जोरात हलवा म्हणाले. छर्रे एकमेकांवरून घसरत डब्याच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात वाहू लागले. "हे पाणी." आता जीव खाऊन हलवा. छर्रे उडाले, झाकणावर ताडताड आपटले, आणि बोटांना झाकण आतून ढकललं जात असल्यासारखं वाटलं. "ही वाफ. खिचडीच्या गंजावरचं झाकण काहून नाचते, समजलं? गरमी म्हणजे बाहेरून आत शिरलेला कोणी पाहुणा नाही. आतल्यांचीच धावपळ हाय ती."

खरं पाणी उकळून दाखवावं, अशी त्यांची फार इच्छा होती. आमचे अधीक्षक मनानं चांगले पण धास्तावलेले गृहस्थ. "स्टोव्ह आणि ही मुलं एका खोलीत नकोत," ते म्हणाले. सरांनी वाद घातला नाही. ते आम्हा सगळ्यांना आतल्या अंगणात घेऊन गेले.

अंगण चारी बाजूंनी बंद होतं, मध्ये झाड नव्हतं, कडेनं व्हरांड्याचे खांब. आधी आम्ही ओळी करून उभे राहिलो, शेजाऱ्याच्या कोपरात कोपर अडकवून. "तुम्ही आता बर्फ. जागा सोडायची नाही, पण स्थिर उभं राह्यचं नाही. थरथरा." मग कोपरं सोडायला लावली. खांद्याला खांदा लागलेला राहिला पाहिजे, पण सरकायचं. आम्ही चिंचोळ्या वाटेतून बाहेर पडणाऱ्या जत्रेसारखे सरकू लागलो. आणि मग सरांनी टाळी वाजवली. "आता कोणी कोणाचा नाही. धावा!"

कोणीच हललं नाही.

डोळस वाचकाला हे कसं सांगू? आम्हाला कळायला लागल्यापासून घरच्या-दारच्या प्रत्येकानं एकच गोष्ट सांगितली होती: धावू नको, पडशील. पायांना भिंत धरून चालायची सवय. मला तर धावणं म्हणजे काय हेच आठवत नव्हतं. सर पुन्हा ओरडले, "अबे धावा ना! आपटलात तर परत फिरा, रेणू काय रडत बसते?" माझ्या शेजारी देवराव होता, उत्तर नागपुरातल्या वस्तीतला, माझ्याच वयाचा आणि माझ्याहून धीट. त्याचा खांदा माझ्यापासून सुटला आणि त्याची पावलं दूर गेली. मग मीही सुटलो. कोणावर तरी आदळलो, फिरलो, भिंतीला हात लागले, पुन्हा फिरलो. कानात वारा शिरत होता. तो वारा माझ्याच धावण्याचा आहे, हे मला क्षणभर उमगलंच नाही. सगळं अंगण हसत होतं, किंचाळत होतं.

तेवढ्यात देवराव खांबावर आपटला. कपाळ फुटलं.

टाके पडले. सरांनी देवरावला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं आणि परत आणलं. अधीक्षकांनी त्यांना शांतपणे सांगितलं की उद्यापासून येऊ नका. त्या दिवशी जाताना पिशवी त्यांनी छातीशी धरली असावी, कारण ती अजिबात वाजली नाही.

दोन दिवसांनी देवरावची आई आली. ती विड्या वळायची, तंबाखूचा वास तिच्या आधी आत आला. त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. पोरानं शिकलंच पाहिजे, या एका गोष्टीवर ती बाई कोणाचं ऐकत नसे. आता ती सरांची तक्रार करणार, असं धरून आम्ही अधीक्षकांच्या खोलीच्या दाराबाहेर कान देऊन उभे होतो.

"काय झालं रे कपायाले?" तिनं विचारलं.

"खांबावर आपटलो."

"पाहून नाही चालत काय?" मग स्वतःच थबकली. "काठी नव्हती का हातात?"

"चालत नव्हतो, माय. धावून राह्यलो होतो."

"तू धावला?"

"हो."

"एकटा? कोणी हात नव्हता धरला?"

"नाही. वाफ झालो होतो."

ती रडली, की हसली, ते आम्हाला कळलं नाही. पण अधीक्षकांना ती म्हणाली ते शब्द स्पष्ट ऐकू आले. "साहेब, हा जन्मला तवापासून मी याले धावू नाही देल्लं. मले माहीतच नव्हतं याले धावता येते. त्या मास्तरले बोलवा. खांबाले काही तरी बांधा, पण बोलवा."

अधीक्षकांनी बोलावलं. वसतिगृहातल्या जुन्या गाद्या खांबांना सुतळीनं बांधल्या गेल्या. त्यानंतर आमची वाफ निर्धास्तपणे आपटू लागली आणि गाद्यांतला कापूस वर्षभर अंगणात उडत राहिला.

अधीक्षकांचं मन बदललं म्हणा, किंवा ते थकले म्हणा, त्यानंतर सरांना मोकळं रान मिळालं. थर्मामीटरचे आकडे आम्हाला वाचता येत नाहीत, म्हणून त्यांनी इंजेक्शनची काचेची सिरिंज आणली. तिचं तोंड लाखेनं बंद केलं, आत हवा कोंडलेली. कोमट पाण्यात धरली की दट्ट्या हळूच बाहेर सरकायचा, गार पाण्यात आत जायचा. दट्ट्या किती बाहेर आला, हे आम्ही बोटानं चाचपायचो. "आतले रेणू किती जोरात ढकलून राह्यले, ते बोटानं वाचा." गरम-गार ठरवायला हातावर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. एक हात गरम पाण्यात, एक बर्फाच्या पाण्यात ठेवायला लावून मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घालायला लावायचे. एक हात म्हणायचा गार, दुसरा म्हणायचा गरम. "पाहा, घरातच दोन साक्षीदार अन् दोघंही खोटारडे," म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

बर्फ ते भुशात गुंडाळून, पोत्यात बांधून सायकलवरून आणायचे. एकदा त्यांनी बर्फाच्या पाण्यात ती सिरिंज धरायला लावली आणि वरून थोडं थोडं गरम पाणी ओतत, ढवळत राहिले. मी दट्ट्यावर बोट ठेवून बसलो. बर्फ विरघळत होता, पण दट्ट्या जागचा हलेना.

"सर, गरम पाणी तर ओतून राहिले. मग ती गरमी गेली कुठं?"

"अंगणात बर्फ झाला होतास ना? धावायच्या आधी काय केलं होतं?"

"कोपरं सोडवली."

"तेच चालू हाय आत. सध्या सारी गरमी हात सोडवण्यात खर्च होऊन राह्यली. हात सुटले, की मग धावणं."

मी बोट तसंच ठेवून बसलो. बऱ्याच वेळानं बर्फाचा शेवटचा खडा गेला, आणि मग दट्ट्या किंचित सरकला. आयुष्यात पुढे पुष्कळ चांगल्या गोष्टी झाल्या, लग्न झालं, मुलगी झाली. पण एखादी गोष्ट आधी समजून मग घडताना बोटाला लागणं, हा आनंद त्याआधी मला माहीत नव्हता.

मला आणि देवरावला मॅट्रिकला विज्ञान घेऊन बसवायचं, हे सरांनी मनावर घेतलं. अर्ज केले, खेटे घातले. दर वेळी उत्तर एकच यायचं: अंध विद्यार्थ्यांना या विषयातून सूट आहे. "सूट कोणी मागितली होती?" सर विचारायचे. परवानगी शेवटपर्यंत मिळाली नाही. मी संगीत घेऊन पास झालो. त्या काळात सरांचा खर्जातला आवाजही जरा खाली गेला होता.

पण परीक्षा घेतल्याशिवाय सोडतील ते सर कसले? त्यांनी एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईंना गळ घालून शाळेत आणलं. बाई मोजकं बोलणाऱ्या. सुरुवातीचे त्यांचे प्रश्न सोपे होते, दया केल्यासारखे. मग त्यांनी मला विचारलं, "हवेचे रेणू बंदुकीच्या गोळीइतक्या वेगानं धावतात. मग खोलीच्या या कोपऱ्यात अत्तराची बाटली उघडली, तर त्या कोपऱ्यात वास लगेच का पोचत नाही?"

हे सरांनी शिकवलं नव्हतं. त्यांची खुर्ची करकरली.

मी म्हणालो, "बाई, मी अंगणात पुष्कळ जोरात धावतो. पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मला कधीच सरळ जाता आलेलं नाही. मध्ये कोणी ना कोणी आदळतोच. दिशा बदलते, पुन्हा कोणी आदळतो. वासाचंही तसंच होत असणार."

बाईंनी जागेवरून उठून माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या कॉलेजच्या वर्गात याचं उत्तर क्वचित येतं." सर नाक शिंकरायला व्हरांड्यात गेले.

पुढे मला एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. देवराव हिंगण्याला एका कारखान्यात लागला, सुटे भाग हातानं चाचपून निवडायचं काम. कंपनीच्या बसनं जायचा-यायचा. सर निवृत्त होऊन गांधीबागेत एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचे. दुकानातला फोन वापरून ते माझ्या कचेरीत फोन लावायचे. "कामात हा काय गा? एक प्रश्न हाय," अशी सुरुवात. मेच्या दुपारी माठातलं पाणी गार होते, मग त्यातून जे रेणू पळून गेले, ते तापट का थंड? मोठे साहेब दुसऱ्या लाइनवर ताटकळत असायचे आणि मी दबक्या आवाजात म्हणायचो, "तापट सर. वेगाचे आधी निघून जातात, संथ मागे राहतात."

"शाबास," म्हणून ते फोन ठेवून द्यायचे.

एका हिवाळ्यात ते फोन येईनासे झाले, आणि मग एके सकाळी दुकानदाराचाच आला: सर गेले. मी देवरावच्या कारखान्यात निरोप धाडला. आम्ही एकमेकांचा हात धरून घाटावर पोचलो, तेव्हा चितेची सगळी तयारी झाली होती. सरांचा मुलगा बाहेरगावी नोकरीला. आम्ही त्याला कधी भेटलो नव्हतो. दोन अनोळखी आंधळी माणसं पाहून तो जवळ आला.

"आपण बाबांना कुठून ओळखता?"

"त्यांचे विद्यार्थी," मी म्हणालो.

"गाणं वगैरे शिकवायचे का ते तिकडे?" त्यानं अगदी सौजन्यानं विचारलं.

"सायन्स," देवराव म्हणाला. "आम्ही त्यांचे सायन्सचे विद्यार्थी."

मुलानं आमचे हात धरले आणि आम्हाला अगदी पुढे नेऊन उभं केलं. थोड्या वेळानं आमच्या चेहऱ्यांना ऊब लागली, मग धग. मागे लोक सरकत असल्याचं पावलांवरून कळत होतं. कोणी तरी म्हणालं, "मागे या, भाऊ, लय गरम हाय तिथं." देवरावनं माझ्या कोपरात कोपर घट्ट अडकवलं, अंगणात बर्फ होताना अडकवायचो तसं. आम्ही दोघं जागचे हललो नाही.