सगळ्या कार्डांना कुंकू

चूक माझीच होती. आमच्या साखर कारखान्यात सभासदांची कार्डं गावांनुसार वेगळी करणारं यंत्र आलं, तेव्हा पूजा मी केली. एकाच कार्डाला कुंकू लावलं तर बाकीचे शेतकरी रुसतील, म्हणून ओल्या कुंकवाचं बोट मी प्रत्येक कार्डाला लावलं.

यंत्र बसवायला पुण्याहून आलेला माणूस बटण दाबण्याआधी यंत्राला गाईसारखं थोपटायचा. त्यानं थोपटलं, बटण दाबलं. चिकटलेली कार्डं आधी अडली, मग भसाभस हवेत उडाली. अख्खा तालुका पंख्याखाली गरगरू लागला! तो उड्या मारत कार्डं झेलत होता आणि खदखदून हसत होता. आम्हीही पोट धरून हसलो.

चेअरमन मात्र कडाडले, "खेळणं आनलंय व्हय? उद्या उचला आन् पुन्याला न्या!"

पुण्याच्या माणसानं हातातलं लाल कार्ड पाहिलं, माझं लाल बोट पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "नवीन आहे, साहेब. पहिल्या दिवशी बावरतं."

ज्याचं नावही मी विचारलं नव्हतं, तो माझ्यासाठी बोलणी खात होता. मी बोट वर केलं. "साहेब, कुंकू मी लावलं." मग त्याच्याकडे वळलो. "चुकलो, पाव्हणं. माफ करा."