साठे बाईंचं मलम

साठे बाईंचं "शी!" कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. कॅन्टीनचा चहा, उचलेगिरीचे प्रबंध, सभेत संचालकांना घातलेला हार, सगळ्यांना तोच एक निकाल. मी लोणी काळभोरच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली संशोधन सहायक म्हणून लागलो, तेव्हा हडपसरला काचेच्या इमारती उठत होत्या आणि टूथपेस्टपासून पंख्यापर्यंत सगळं 'नॅनो' झालं होतं.

बाई दगडी पाल्याच्या अर्कातून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवत. खरचटलं की गावाकडे चोळून लावतात, तोच हा पाला. पिवळसर द्रावण तपकिरी झालं की मी हरखून जायचो.

"रंग बदलला म्हणजे औषध झालं का? चहाचाही बदलतो," त्या म्हणायच्या. पुढे त्या कणांच्या लेपानं उंदरांच्या जखमा खरंच लवकर भरू लागल्या, तरी बाईंचं पालुपद एकच: "माणूस अजून लांब आहे."

संचालकांना एवढा धीर नव्हता. एका कंपनीशी संधान बांधून त्यांनी मलमाच्या ट्यूब बाजारात आणल्या, वर बाईंचं नाव छापलं. माहितीपत्रकात उंदराचे दोन फोटो होते: जखम उघडी आणि जखम भरलेली. बाई ते घेऊन थेट त्यांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"पहिल्याच्या कानाला खाच आहे, दुसऱ्याचा कान शाबूत. आपल्या मलमानं कानही शिवला वाटतं?"

"मॅडम, एवढं कोण बघतंय?" संचालक हसले.

बिबवेवाडीतल्या माझ्या घरमालकीण पवारकाकू कुठून बघणार? फुकट शिबिरात मिळालेलं ते मलम त्या मधुमेहानं चिघळलेल्या पायाला लावत बसल्या आणि दवाखान्यात जाणं बंद केलं. मला कळलं तोवर त्यांच्या खोलीत वासानं उभं राहवत नव्हतं. मी बाईंना बोलावून आणलं. पट्टी सोडली, तर आत अळ्या वळवळत होत्या. मी दाराकडे सरकलो.

"नका हो हात लावू, घाण वास येतोय," काकू रडायला लागल्या.

"ही घाण आमची आहे," म्हणत बाईंनी तो पाय मांडीवर घेतला आणि हॉस्पिटल येईपर्यंत रिक्षातही तसाच धरून ठेवला. अंगठा गेला, पाय वाचला.

बाईंनी राजीनामा दिला आणि सरकारी खात्यात तक्रार केली. ट्यूब बाजारातून उचलल्या गेल्या. संचालकांनी सगळं खापर 'साठे मॅडमच्या संशोधनावर' फोडलं आणि स्वतः एका मोठ्या समितीवर जाऊन बसले. बाईंचे निबंध मात्र कुणी छापेना.

आमची शेवटची भेट हडपसरच्या बसथांब्यावर झाली. मी विचारलं, "बाई, आपलं काम तर खोटं नव्हतं ना?"

"नव्हतं. त्याचीच जास्त शिसारी येते मला."

बस आली, त्या चढल्या. वर्षभरात त्या वारल्याचं कळलं. नंतर तोच विषय पुढे न्यावा म्हणून मी दोन-तीन प्राध्यापकांकडे गेलो. दगडी पाला, चांदी, जखम एवढं ऐकताच प्रत्येकानं नाक मुरडलं.