पडवीतलं पोतं

फाल्गुनात विहीणबाई धुळ्याहून आल्या. गोड बातमीचे पेढे आणले होते. मी त्यांना मधल्या खोलीत पलंगावर बसवलं, पाणी दिलं, आणि तेवढ्यात पलंगाखालून आमचा कुत्रा बाहेर आला. त्यानं आधी पुढचे पाय ताणले, मग मागचे, मोठी जांभई दिली, विहीणबाईंची पावलं हुंगली आणि पाहुण्यात काही दम नाही असं ठरवून परत पलंगाखाली जाऊन पडला. विहीणबाईंनी पाय वर घेतले ते निघेपर्यंत खाली सोडले नाहीत.

जाताना त्यांनी सांगितलं, की पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे आम्हालाही मान्य आहे. पण ज्या खोलीत कुत्रं झोपतं त्या खोलीत आमची सून आणि बाळ राहायचं नाही. तुम्हाला जमत नसेल तर मनात काही आणू नका, आम्ही धुळ्यालाच करू. हे सगळं त्या इतक्या गोडीनं बोलल्या की मला तोंड उघडता येईना. भांडणाऱ्या बाईला उत्तर देता येतं हो, समजूतदार बाईला काय देणार?

एकुलती एक लेक माझी. डिंकाच्या लाडवांचा डिंकसुद्धा मी बातमी कळायच्या आधीपासून डब्यात भरून ठेवला होता. आणि आता तिचं पहिलं बाळंतपण परक्या घरी होणार, का, तर आमचा कुत्रा पलंगाखाली झोपतो म्हणून. जळगावात कुणाला हे तोंड वर करून सांगायचं?

कुत्रा तिचाच. शाळेत असताना मावशीकडून परत येताना बोदवड स्टेशनवर तिला ते पिल्लू सापडलं, आणि परकराच्या ओच्यात लपवून तिनं ते घरापर्यंत आणलं. पहिल्या रात्री ते रडलं म्हणून तिनं पलंगाखाली घेतलं. आजची रात्रच हं, असं मी म्हटलं होतं. तिनं त्याला चांगलंसं नाव ठेवलं होतं, मी त्याला 'मेल्या' म्हणायची, आणि तो दोन्ही हाकांना यायचा. पोरगी लग्न होऊन गेली, पलंग राहिला, पलंगाखालचा हाही राहिला. एवढा वासराएवढा झाला तरी जागा तीच. आमचं घर म्हणजे स्वयंपाकघर, मधली खोली आणि पुढे पडवी. आम्ही दोघं मधल्या खोलीत खाली गादी घालून झोपायचो, आणि रात्री कुशीवर वळलं की ह्याचं शेपूट माझ्या तोंडावर.

तर त्याला पडवीत झोपवायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. हे 'हो हो' म्हणाले. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते, आणि बारा महिने हमालांना 'हो हो' म्हणून म्हणून यांना तीच सवय लागलेली. तरी एक काम यांनी केलं. जिनिंगमधून एक जाड पोतं आणलं, त्यात टाकाऊ कापूस भरून तोंड शिवलं, आणि पडवीत भिंतीशी अशी गादी केली की आमच्या गादीपेक्षा ती बरी. कुत्रा तिच्यावर बसला, मला वाटलं झालं काम. दार लावलं तसा उठला आणि दार ओरबाडायला लागला.

भुंकला असता तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण हा भुंकेना. बारीक आवाजात, थांबून थांबून, जसं काही आतलं माणूस मेलंय असा रडायचा. मी यांना बजावलं, खबरदार उठाल तर. हे म्हणाले, छे. थोड्या वेळानं यांना तहान लागली. माठ पडवीत नव्हताच, स्वयंपाकघरात होता, तरी हे पडवीच्या दाराकडून पाणी प्यायला गेले! सकाळी बघते तर कुत्रा पलंगाखाली, आणि हे पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपेचं सोंग करताहेत. विचारलं तर म्हणे, अगं, तोच आत आला असेल. कडी काढून?

मग बांधून पाहिलं. सुंभाची दोरी त्यानं चावून तोडली. साखळी आणली, तर साखळीसकट पोतं ओढत दारापाशी आणलं आणि दाराला टेकून झोपला, म्हणजे पहाटे मी दार उघडलं की माझ्या पायांवर आडवा. शेजारच्या मारवाडी दुकानदाराच्या बायकोनं सांगितलं, पोरीचा एखादा जुना कपडा पोत्यावर टाका, वासानं निजेल. पोरीचा परकर टाकला. त्यानं तो तोंडात धरला आणि पलंगाखाली नेऊन ठेवला. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं म्हणतात, इथे अख्खा कुत्राच वाकडा. आणि रोज सकाळी यांचं एकच, बिचारा. मी रात्रभर जागी, विहिणीला काय तोंड दाखवू ह्या काळजीत, आणि बिचारा कोण, तर तो!

चैत्र गेला आणि ऊन तापायला लागलं. आमच्या खान्देशातलं ऊन कुणाला सांगून पटायचं नाही. भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि रात्री घरात झोपायचं म्हणजे तव्यावर झोपायचं. साऱ्या गल्लीनं बाजा अंगणात काढल्या, आम्हीही काढल्या. कुत्र्याचं पोतं मी पडवीतच ठेवलं. आणि काय आश्चर्य, गडी निमूट पोत्यावर जाऊन झोपला. ना रडणं, ना ओरबाडणं. मला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी तसंच. मी पोतं आणखी लांब, पार पायरीच्या टोकाला नेलं. तिथेही झोपला. घराचं दार सताड उघडं असायचं, वाऱ्यासाठी, पण हा पठ्ठ्या आत पाऊल टाकेना.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. यांना म्हटलं, बघा, जरा कडक राहिलं की जमतं. हेही म्हणाले, हो, तुझीच चिकाटी. मी विहीणबाईंना पत्र टाकलं, की कुत्रा आता बाहेर झोपायला शिकला आहे, दार उघडं असलं तरी आत येत नाही, तुम्ही निर्धास्त राहा. त्यांचंही उत्तर आलं. सातव्या महिन्यात ओटी भरून आषाढात मी स्वतः तिला घेऊन येते, आणि एक रात्र राहून जाते. वाचून मी त्या दिवशी शेवभाजी केली, आणि त्या मेल्यालाही भाकरीवर तूप वाढलं.

मृग लागला, गल्लीतल्या बाजा आत गेल्या. आम्हीही आमच्या उचलल्या. मी गादी झटकून मधल्या खोलीत घालते आहे, तोवर माझ्या पायांमधून वाट काढत कुत्रा आत आला आणि पलंगाखाली आपल्या जागी गोल होऊन पडला. जणू कुठे गावाला जाऊन परत आला होता.

मी गादी तशीच टाकून दारात आले. समोरच्या घरातल्या अक्का ओसरीवरून सगळं बघत होत्या. म्हाताऱ्या, अडाणी, पण जिभेला हाड नाही. त्या म्हणाल्या, "बठ्ठं घर बाहेर शे, तं तो मझार कसाले जाई?" सगळं घरच बाहेर झोपलेलं, तर तो आत कशाला जाईल. बाई गं! एवढी साधी गोष्ट. दोन महिने तो आमच्याजवळच झोपत होता, आणि आम्ही त्याला शाबासकी देत होतो. मला अक्कांचाही राग आला. उन्हाळाभर बघत होत्या तर आधी सांगायला काय झालं होतं?

आता पत्र तर गेलेलं. विहीणबाई येऊन राहणार. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मी यांना सांगितलं, आता तुम्ही पडवीत झोपा, म्हणजे तो तुमच्यापाशी राहील. हे पोत्याशेजारी चटई टाकून झोपले. कुत्रा विचारात पडला. शेवटी उंबऱ्यावर आडवा झाला, तोंड माझ्याकडे, शेपूट यांच्याकडे. पाऊस पडला की यांच्या अंगावर झड यायची आणि सकाळी हे शिंकत जिनिंगला जायचे. कुत्रा मात्र कोरडा. असं करत करत आषाढ आला, आणि माझी लेक आली.

पोट दिसायला लागलं होतं, चेहरा ओढला होता, बाकी तीच. एस.टी.तून उतरून दारात आली ती आधी माझ्या गळ्यात पडायची की नाही? आधी कुत्र्याच्या गळ्यात पडली. विहीणबाईंनी मधली खोली पाहिली, मी सारवून, धूप घालून ठेवली होती. पडवीतलं पोतं पाहिलं. मान हलवली. जेवणं झाली. पोरगी पलंगावर, विहीणबाई आणि मी खाली, हे पडवीत, आणि मधलं दार मी स्वतः कडी लावून बंद केलं. कुत्रा रडला नाही. मी देवाला मनातल्या मनात नारळ बोलले आणि कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले.

पहाटे भांड्यांच्या आवाजानं जाग आली. विहीणबाई अंघोळीला उठल्या होत्या. पलंग रिकामा होता, आणि मधलं दार सताड उघडं. बाहेर येऊन बघते तर माझी सात महिन्यांची पोटुशी लेक पडवीत पोत्यावर झोपलेली, कुत्रा तिच्या पाठीला पाठ लावून, आणि हे पलीकडे भिंतीकडे तोंड करून, मी बाई ह्यातली नाहीच, असे. आणि पायरीवर तांब्या हातात धरून विहीणबाई उभ्या.

संपलं, मला वाटलं. आता ह्या दुपारच्या गाडीनं तिला परत नेणार. चार महिने मी जिवाचं रान केलं, आणि ज्याला बाहेर काढलं तो बाहेर राहिला तर ही कारटी त्याच्यापाशी जाऊन झोपली! मला रडू यायला लागलं, रागानंच. मी विहीणबाईंना म्हणू लागले, की तिला लहानपणापासूनची सवय, मी समजावते, उद्यापासून असं होणार नाही, कुत्र्याला कुणाला तरी देऊन टाकते, धरणगावला नणंदेच्या शेतावर पाठवते, पण पोरीला ठेवा.

विहीणबाईंनी तांब्या खाली ठेवला. म्हणाल्या, "ओरडू नका, उठेल ती. तिला एकटीला झोप येत नाही, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी म्हटलं, एकटी कुठे, आपण दोघी होतो की खाली.

तेव्हा त्यांनी सांगितलं. जावई एस.टी.त कंडक्टर, निम्म्या रात्री बाहेरगावी मुक्कामाच्या गाडीवर. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात असा मुक्काम आला, आणि माझी पोरगी आपल्या खोलीत दिवा न मालवता बसून राहिली. रडल्याचा आवाज बारीक, थांबून थांबून. विहीणबाई उठल्या, तिचं अंथरूण उचललं आणि आपल्या खाटेला लावून घातलं. तेव्हापासून जावई मुक्कामाला असले की ती तिथेच झोपते. एक हात वर, खाटेच्या माचव्यावर. कधी बोलल्या नाहीत त्या हे, कारण पोरीनंच शपथ घातली होती, आईला सांगू नका, तिला वाटेल मी सुखात नाही.

मी तिथेच पायरीवर बसले. इतके महिने मी कुत्र्याच्या रडण्यानं जागी, आणि तिकडे माझ्या पोरीचं रडणं ऐकायला दुसरी बाई उठत होती. मला त्या बाईचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आणि तिचे पाय धरावेसेही वाटले.

विहीणबाई संध्याकाळच्या गाडीनं एकट्याच गेल्या. जाताना म्हणाल्या, बाळ येईपर्यंत झोपू दे त्याला कुठेही, बाळ आलं की मात्र उंबऱ्याबाहेर. मी शब्द दिला, आणि तो पाळायचा कसा ह्याचा घोर भाद्रपदापर्यंत पुरला.

मुलगा झाला. काय त्याचा आवाज! तो रडायला लागला की समोरच्या अक्का आपलं दार लावून घ्यायच्या. पहिल्याच रात्री कुत्र्यानं पलंगाखालून मान बाहेर काढून थोडा वेळ ऐकलं, मग उठला, पडवीत गेला आणि पोत्यावर जाऊन झोपला. पुन्हा कधी आत आला नाही. जे मला, यांना, सुंभाला आणि साखळीला जमलं नाही, ते नातवानं बसल्या जागी केलं. मी आनंद मानायचा सोडून कुत्र्यावरच चिडले. एवढंच होतं तर फाल्गुनात का नाही गेलास, मेल्या?

दिवाळी आटोपल्यावर विहीणबाई तिला न्यायला आल्या. ओटी भरली, डब्यात लाडू दिले, बाळाची दुपटी बांधली. स्टँडवर गाडीत बसेपर्यंत मी सूचना देत होते, टाळू भर, वाऱ्यात नेऊ नको, आणि शेवटी राहवलं नाही म्हणून विहीणबाईंनाच विचारलं, की जावई मुक्कामाला असले आणि हा रात्री असा रडला, तर?

त्या म्हणाल्या, "माझी खाट तिथेच आहे की, ताई."

गाडी सुटली. पोरगी खिडकीतून मागे बघत राहिली आणि मी हात हलवत उभी राहिले. घरी आले तर हे पडवीत चटई घालत होते. आता कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, अगं, पोरगी गेली, आज कुत्रा एकटा आहे ना. मला बोलायला खूप सुचत होतं. मी आत गेले आणि माझीही उशी घेऊन बाहेर आले.