राखलेलं गवत

सरकारने आबांना नोकरी दिली ती त्यांच्याच मेंढरांपासून डोंगर वाचवण्याची. वाळूजकडची आमची चरायची माळरानं कारखान्यांखाली गेली होती. माझा भाऊ ज्या माळावर कोकरं राखायचा, तिथंच आता यंत्राला तेल घालायचा. उरला होता पडेगावच्या वरचा डोंगर. त्यावर सरकारी खात्याने झाडं लावली, चराईबंदी केली आणि आबांना राखणदार नेमलं.

खाकी शर्ट अंगावर चढला तसे आबा बदलले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सख्ख्या भावाचा कळप डोंगरावरून हाकलला. आमची मेंढरं घेऊन माय रस्त्याकडेच्या बाभळी धुंडाळत फिरायची.

"सायबाला इचारा की," ती म्हणायची, "कडंला तरी चारू द्या म्हनावं."

"कायदा हाय," आबा म्हणायचे आणि भाकर मोडायचे.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. मेंढरांच्या फासळ्या वर आल्या, दोन कोकरं दगावली. डोंगरावर मात्र गवत होतं. तोंड लावायलाच कुणी नव्हतं, त्यामुळे आदल्या सालचं गवत तसंच उभं वाळलेलं, त्यात यंदाचं खुरटलेलं. वर लावलेल्या झाडांची पानं उन्हाने करपून त्यातच पडत होती. वारा सुटला की अख्खा डोंगर खडखडायचा. झाडं वाचावीत म्हणून मेंढरं बाहेर ठेवली आणि झाडांच्या बुडाशी सरपण रचून ठेवलं, असा हा कारभार होता.

खात्याच्या साहेबांनाही ते दिसलं असावं. त्यांनी आबांना जाळरेषा काढायला सांगितली. म्हणजे डोंगराच्या पायथ्याने गाडीवाटेएवढा पट्टा कापायचा आणि कापलेलं तिथंच जाळायचं. आग आलीच तर त्या मोकळ्या पट्ट्यावर अडते. आबांनी विचारलं, कापलेलं घरी नेऊ का? साहेब म्हणाले, नियमात बसत नाही.

आबांनी मान डोलावली आणि जाळरेषा काढली नाही. आमच्या लोकांत रान जाळत नाहीत असं नाही. पण ते बऱ्या सालात, पावसाच्या तोंडावर, नवं लुसलुशीत फुटावं म्हणून. दुष्काळात गवताला काडी लावायची तर मेंढपाळाचा हातच उठत नाही. शिवाय साहेबाचं मन कधीतरी द्रवेल आणि डोंगर खुला होईल, अशी आबांना आशा होती. डोंगराच्या वाटेवरच्या नाक्यावर ते कायदा सांगायचे आणि घरात मायला हळूच म्हणायचे, "जेठापर्यंत दम धर. समदं आपलंच हाय."

वैशाखात भर दुपारी डोंगर पेटला. कशाने, ते अजून कळलेलं नाही. अडवायला काहीच नव्हतं, आग सरळ माथ्यापर्यंत गेली. आबा निरगुडीचा फाटा घेऊन झोडपत राहिले, त्यात भुवया जाळून घेतल्या.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. शहरात मोर्चे निघत होते आणि खेड्यांत दलितांची घरं जाळली जात होती. धूर दिसताच पोलिसांची गाडी आली.

"कुणाची घरं हायेत वर?" जमादाराने विचारलं.

"घरं नाय साहेब. गवत," आबा म्हणाले.

"गवतच ना?" त्याचा जीव भांड्यात पडला आणि गाडी वळली. आबा त्या गाडीकडे पाहत म्हणाले, "व्हय, गवतच." मला रडू फुटलं. आपण रडतोय ते घरांसाठी की गवतासाठी, हे मलाही सांगता आलं नसतं.

चार दिवसांनी साहेब आले. झाडंच उरली नव्हती, म्हणून त्यांनी चराईबंदी उठवली. राखणदाराची जागा मात्र चालू ठेवली. ती मंजूर होती. आता खुशाल चारा, म्हणाले.

आबा त्याच संध्याकाळी कळप वर घेऊन गेले. मेंढरं राखेत तोंड घालून शिंकली आणि परत आली. माय ओल्या फडक्याने एकेकीचं तोंड पुसत बसली. आबांकडे न बघताच म्हणाली, "उद्या ह्यास्नी गंगथडीला, गोदेच्या काठाला न्हेते, माज्या भावाकडं. तुमी बसा हितं, डोंगर राखत."

आबांनी मान डोलावली, साहेबांपुढे डोलवायचे तशीच. सकाळी खुंटीवर खाकी शर्ट लटकत होता आणि खांद्यावर घोंगडी टाकून आबा कळपाच्या पुढे चालत होते.