केरबाचा अंगठा

दारात दहा बाय वीसचं डिजिटल पोस्टर लागलंय आणि रोज सकाळी रांगोळी घालायला बाहेर आले की मी त्याच्याकडं पाठ करून बसते. त्यावर फेटा बांधलेला आमचा आज्जा, आणि खाली ठळक अक्षरांत 'जगातील सर्वात वयोवृद्ध पुरुष, वय ११३ वर्षे, श्री. ज्ञानू आबा'. शेजारी आज्ज्याच्या दुप्पट आकाराचा माझा थोरला दीर, हात जोडून हसणारा. ग्रामपंचायतीची निवडणूक आलीय की. इतकी वर्षं मी त्याला दादा म्हणत आले, आता जीभ रेटत न्हाय. विजयसिंहच म्हणते.

आज्जा म्हणजे माझ्या नवऱ्याचा, सम्राटचा आजोबा. त्याचं नाव ज्ञानू न्हाय, केरबा हाय. वयही एकशे तेरा न्हाय, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव असंल. ते काय थोडं हाय का? पण लोकांना पुरत न्हाय.

केरबा हे नाव कुणी हौसेनं ठेवत न्हाय. आज्ज्याच्या आईची आधीची चार पोरं गेलती. पाचवा हा झाला, तेव्हा तिनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवला. शेजारणीनं उचलून आणला, आणि आईनं मूठभर कोंडा देऊन आपलंच पोर तिच्याकडून विकत घेतलं. हे पोर हिचं न्हवंच, केरातलं हाय, असं मरणाला वाटावं म्हणून. नाव ठेवलं केरबा. मी नखं काढून द्यायला बसले की आज्जा हे सांगायचा आणि गालात हसायचा. "फसलं की गं मरण," म्हणायचा, "अजून हुडकतंय."

शाळेचं तोंड त्यानं कधी बघितलं न्हाय. चाळिशी उलटल्यावर शिरोली एमआयडीसीत भट्टीवर लागला. तिथं त्याच्यासारखे सगळे हजेरीला अंगठा लावायचे. याला ते आवडेना. जेवणाच्या सुट्टीत साचे करायच्या काळ्या वाळूत बोटानं गिरवून गिरवून 'केरबा' ही तीन अक्षरं शिकला, आणि त्यानंतर त्यानं कुठं अंगठा लावला न्हाय. मतदानाला गेला तरी पेन मागून घ्यायचा.

विजयसिंहाच्या डोक्यात हे खूळ मोबाईलवरनं शिरलं. विक्रमांची नोंद ठेवणारी कसलीशी संस्था. जगातला सगळ्यात म्हातारा माणूस, सगळ्यात जुनं घड्याळ, सगळ्यात लांब मिशा, सगळं एकाच पुस्तकात. वयाला पुरावा पाहिजे, म्हणून तो हातकणंगल्याला जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी बघायला गेला. घरातली कागदपत्रं मी सांभाळते, म्हणून मलाही घेतलं. मोडी वाचायला अंबादासकाका म्हणून एक गृहस्थ आणलेले. त्यांना आज्ज्याच्या बापाच्या नावावर १९१२ सालची एक नोंद सापडली. मुलगा, ज्ञानू.

"हा थोरला," मी म्हणाले. "आज्ज्याचा भाऊ. गेला की तो."

अंबादासकाका केरबाची नोंद हुडकायला पान उलटायला लागले. विजयसिंहानं वहीवर तळहात ठेवला. "फुडचं नको काका. एवढ्याचीच नक्कल घेऊया."

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "पाळण्यातलं नाव ज्ञानू, केरबा लाडाचं. कुणाचं काय जातंय?"

मी काय बोलले न्हाय. त्याच घरात राहायचं होतं. गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याची मला आजही किळस येते.

संस्थेचा माणूस आला तेव्हा शिरा मीच केला. आज्ज्याच्या डोक्यावरचा फेटा मीच सारखा केला. पुढच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती, निम्मा गाव लोटलेला. विजयसिंह आठवडाभर आज्ज्याला पढवत होता आणि म्हातारा नुसता तुळईकडं बघत पडायचा.

"आजोबा, नाव सांगा," संस्थेचा माणूस म्हणाला.

"केरबा," आज्जा म्हणाला. "ज्ञानू माझा थोरला भाऊ. त्यो मेला, त्येच्यामागं आणि तिघं मेली, म्हणून मी केरबा. माझ्या आईनं ठिवलंय ते नाव. काढू नगासा."

साहेबानं लिहायचं थांबवलं. मला वाटलं, संपलं एकदाचं, बरं झालं. पण विजयसिंह हसला. आज्ज्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "वय झालंय साहेब. कधी कधी मलाच बाप म्हणत्यात." मग सगळेच हसले. साहेबही हसला. तूप लागलेले ते ओठ आणि ते दात, मला बघवेनात.

"सही येते का यांना?" साहेबानं विचारलं.

आज्ज्यानं लगेच पेनासाठी हात पुढं केला. पण सही केली असती तर कागदावर केरबाच उमटलं असतं. विजयसिंह म्हणाला, "न्हाय न्हाय, अडाणी हायत." आणि तोच पुढं केलेला हात त्यानं मनगटात धरला, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. आज्जा हात मागं ओढत होता. त्या हाताला बळ कितीसं असणार? टाळ्या पडल्या.

शी. सख्खा नातू म्हणायचा हा.

तासाभरात सोपा मोकळा झाला. साबण आणि गरम पाणी घेऊन मी आज्ज्याचा अंगठा धुवायला बसले. शाई नखाच्या कडेत शिरलेली, निघता निघेना. तो रडत नव्हता, चिडत नव्हता, अंगठ्याकडं बघत होता. मला तोंड वर करायची लाज वाटत होती. शेवटी म्हणाले, "आज्जा, च्या ठेवू तुमाला?"

"केरबाला तर मारलंसा की सगळ्यांनी मिळून," तो म्हणाला. "आता ज्ञानू ऱ्हायला." मग हात माझ्या हातातनं सोडवून घेतला. "आणि ज्ञानू अंगावर पीत हुता, तवाच गेला. त्येला च्या कशाला, पोरी?"